वन्संची वही, वहिनींचा फळा

“म्हणजे पोरं खेळत होती आणि तुम्ही अर्धा तास नुसत्या बघत बसलात?” आईने विचारलं.

“बघत नव्हते बसले. लिहीत होते,” आत्या म्हणाली.

“तेच ते. शिकवत नव्हतात.”

हा वाद आमच्या घरात जुना आहे. आई नाशिक महापालिकेच्या शाळांत पहिलीला शिकवून निवृत्त झाली. तिच्या हाताखालून गेलेली पोरं आज अंबडच्या कारखान्यांत आहेत, रिक्षा चालवतात, एक-दोघं डॉक्टरही झालीत, आणि भेटली की अजून ‘बाई’ म्हणून वाकतात. आत्याने तरुणपणी कोसबाडला जाऊन प्रशिक्षण घेतलं आणि जन्म बालवाड्या-अंगणवाड्यांत घालवला. आता ती आठवड्यातून एकदा एसटीने दिंडोरी तालुक्यातल्या एका अंगणवाडीत जाते. मानधन वगैरे काही नाही, सेविकेला हातभार म्हणून. सोबत एक जाड वही असते. एका वेळी एकच मूल निवडायचं, ते काय करतंय ते तसंच्या तसं लिहायचं, मध्ये बोलायचं नाही. आईला ही वही म्हणजे बिनकामाची चैन वाटते.

त्या दिवशी आत्याने ती उघडून वाचून दाखवली.

“ऐका. ‘मुलगी, चार वर्षांची. घरचे पेठकडचे, बागेच्या कामाला आलेत. लाकडी मणी आणि दोरे दिले होते, लाल वेगळे, पिवळे वेगळे ओवायला. तिने रंग बघितले नाहीत. आले तसे ओवले. असे पाच दोरे केले. मदतनीस बाईंकडून गाठी मारून पाचही खिडकीच्या गजाला लोंबते बांधून घेतले. पाणी प्यायचा मग घेतला. मग खालून वर नेला, दोरा त्यात बुडेपर्यंत. खाली घेतला. दोऱ्याला टिचकी मारली. पुढचा दोरा. एक मुलगा आला, मगात हात घालायला लागला. त्याला ओरडून सांगितलं की हे औषध आहे. तिसऱ्या दोऱ्याला खिचडीची हाक आली. खिचडी खाऊन परत आली आणि चौथ्यापासून पुढे सुरू केलं.’”

द्राक्षाच्या भागात न राहिलेल्यांसाठी सांगायला हवं. ऑक्टोबर छाटणी झाल्यावर घड धरतात, मग मण्यांची लांबी-फुगवण वाढावी म्हणून जीए या संजीवकाच्या द्रावणात प्रत्येक घड बुडवावा लागतो. त्याला सगळे ‘डिपिंग’च म्हणतात. घड वेलीवर वरून लोंबतो, त्यामुळे घड खाली येत नाही, मग वर जातो. हात दिवसभर खांद्याच्या वर. मग वेल हलवून जादा थेंब झटकायचे. दिंडोरी-निफाडच्या बागांत हे काम करायला पेठ, सुरगाण्याहून टोळ्या येतात आणि बागेच्या कडेला झाप बांधून राहतात. मुलं सोबतच असतात. जी अंगणवाडीपर्यंत पोचतात ती नशीबवान.

“मग खालून वर नेला, हे बघितलंत का वहिनी? आपण कोणीही घरात काही बुडवायचं म्हटलं तर वरून खाली बुडवू. तिने गजाला बांधायचं ठरवलं, कारण त्याशिवाय ते डिपिंग होत नाही.”

“बघितलं,” आई म्हणाली. “आणि ऐकून माझ्या पोटात कालवलं. ती पोरगी मजुरी शिकतेय, वन्सं. चौथ्या वर्षी. आणि तुम्ही वहीत कौतुकाने लिहिताय. तिच्या आईला विचारा, तिला हेच हवंय का? ती बिचारी पोरीला अंगणवाडीत कशासाठी पाठवते? बागेतलं काम बघायला पाठवायची गरज नाही. ते तिला दारात दिसतंय. तिथे जे दिसत नाही ते दाखवायला शाळा असते.”

आत्या थोडा वेळ गप्प राहिली. मला वाटतं, हा मुद्दा तिला लागला. बालशिक्षणावर बोलणारे लोक ‘मुलाच्या अनुभवविश्वातून’ असं सहज म्हणून जातात. अनुभवविश्वात मुकादम, उचल आणि औषधाचा वास असेल तर काय करायचं, हे सहसा कोणी बोलत नाही.

“जुन्या नाशकात रंगपंचमी झाली की बालवाडीतली पोरं वाळूत रहाड खणतात,” आत्या शेवटी म्हणाली. रहाड म्हणजे रंगपंचमीला उड्या मारायचा रंगाच्या पाण्याचा हौद. “एकमेकांना ढकलतात, वर येतात, पुन्हा उडी. तेव्हा कोणी म्हणतं का, ही पोरं आता रंगारी होणार?”

“रहाड सण आहे. पेशव्यांपासूनचा मान आहे तिला. डिपिंग मजुरी आहे. दोन्ही एका पंगतीत बसवू नका.”

“मी नाही बसवत. ती पोरगी बसवते. पुढचं ऐका ना. ‘पाचही दोरे झाल्यावर वर्तमानपत्राचा तुकडा मागितला. एका दोऱ्याला गुंडाळला.’ उन्हाने मणी पिवळे पडू नयेत म्हणून घडाला कागद लावतात तसा. इथपर्यंत बागच आहे. मग लिहिलंय, ‘गुंडाळलेला दोरा सोडवून घेतला, मांडीवर ठेवला, थोपटायला लागली. शेजारच्या मुलीने विचारलं, काय आहे? म्हणाली, बाळ झोपलंय.’ कुठे गेली मजुरी? कागदाचं दुपटं झालं. घडाचं बाळ झालं. तिला कोणी सांगितलं नव्हतं.”

व्हिगॉट्स्की नावाचा रशियन मानसशास्त्रज्ञ 1930च्या दशकात काठीच्या घोड्याबद्दल हेच सांगत होता. मूल काठीवर बसून तिला घोडा म्हणतं तेव्हा वस्तू आणि तिचा अर्थ पहिल्यांदा एकमेकांपासून सुटे होतात. पुढे कागदावरच्या एका वळणाला ‘क’ म्हणायचं तर हीच करामत लागते. आत्याने हे आईला सांगून पाहिलं.

“काठीचा घोडा झाला म्हणून काठीचा ‘क’ होत नाही,” आई म्हणाली. “मध्ये कोणीतरी ‘क’ दाखवावा लागतो. तुमच्या रशियनाच्या घरी पुस्तकं असतील. गंगापूर रोडवरच्या पोराला आजी रात्री गोष्ट वाचते, लिफ्टमध्ये आकडे असतात, आई मोबाइलवर अक्षरं दाखवते. त्याला बालवाडीत नुसतं खेळू दिलं तरी चालतं, त्याचं घर शिकवतंच. झापात राहणाऱ्या पोरीला कोण दाखवणार? तुम्ही नाही दाखवलं तर माझ्याकडे पहिलीत येते ती कोरी. आणि वर्गात शेजारी बसलेला गंगापूर रोडवाला धडाधडा वाचतोय. पहिल्या महिन्यातच तिला कळतं की आपण ढ. हे तुमच्या वहीत येतं का?”

आई बोलते तेव्हा मला तिचे जुने वर्ग दिसतात. चाळीस-पंचेचाळीस पोरं, निम्म्यांच्या दप्तरात पाटी आहे तर पेन्सिल नाही. तिने कधी कोणाला ढ म्हटलं नाही, पण त्यांना स्वतःला तसं म्हणताना ऐकलंय. खेळातून शिक्षण हा शब्द तिच्या कानाला ज्यांचं पोट भरलंय त्यांचा वाटतो, आणि मला त्यात तथ्य वाटतं.

आत्याकडे त्याला उत्तर आहे, पण ते ती तत्त्वातून देत नाही. ती कोसबाडचा दाखला देते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, नंतर ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. बालवाडी काढली तर गरिबाघरची मुलं तिच्याकडे येईनात. मग बाई सामान घेऊन त्यांच्या अंगणात जाऊन बसायला लागल्या, त्यातून ‘अंगणवाडी’ झाली. देशभरात एकात्मिक बालविकास योजना आली ती 1975 साली, आणि तिच्या केंद्रांनाही हेच नाव पडलं. माँटेसोरीबाईंचं रोममधलं पहिलं बालगृह 1907 सालचं, तेही सान लोरेन्झोसारख्या गरीब वस्तीतलं. पण तिथून निघालेली साधनं पुढे इतकी महाग झाली की आपल्याकडे ती फक्त पैसेवाल्यांना परवडत. ताराबाई-अनुताईंनी त्याऐवजी शिंपले, खडे, बिया, काड्या घेतल्या. आज नाशकात चौकाचौकात ‘माँटेसरी’ लिहिलेल्या पाट्या आहेत आणि आत जाऊन पाहिलं तर पोरं बाकावर बसून एबीसीडी गिरवताना दिसतात, हा आणखी निराळा विनोद.

“कोसबाडच्या पोरांच्या घरी कुठे आजी वाचत होती?” आत्या म्हणाली. “त्यांना बघूनच ताराबाई-अनुताईंनी सगळं ठरवलं ना? आणि अनुताई तर आधी आपल्या चांदवडला शिक्षिका होत्या.”

“मग झालं तर. आधी माझ्यासारख्या मास्तरीण होत्या, नंतर तुमच्यासारख्या झाल्या. दोन्ही लागतं.” आईने इथे एक गुण मिळवला आणि तिला ते कळलंही.

पण आत्याने पुढचं पान उलटलं. “आता हे सांगा. ही पोरगी दोन महिने अंगणवाडीत येते. प्रार्थनेला तोंड उघडत नाही, बडबडगीताला नाही, नाव विचारलं तर मान खाली. सेविकेने तिच्या नावापुढे लिहून टाकलं होतं, ‘बोलत नाही’. तुमच्या पद्धतीने फळ्यावर अक्षर काढून विचारलं असतं तर काय झालं असतं?”

“बोलली नसती.”

“आणि मगात हात घातल्यावर केवढ्याने ओरडली! कोकणा भाषेत. तिच्या घरची भाषा. नंतर त्याच भाषेत दुसऱ्या पोरीला बाळ दाखवलं, वाक्यावर वाक्य. तिला बोलता येत नाही असं नाही, आपल्या मराठीत बोलायची वेळ आली नव्हती. मी बघत बसले नसते तर त्या रकान्यात तेच राहिलं असतं.”

आई यावर काही बोलली नाही. तिच्या वर्गांतही अशी पोरं होती. काही शेवटपर्यंत बोलली नाहीत.

मग तिने दुसरीकडून हल्ला केला. “तुमचा खरा दोष वेगळाच आहे, वन्सं. तुम्हाला सगळ्यात काहीतरी दिसतं. पोराने दोन खडे ठेवले की तुम्ही म्हणता गणित. चिखल केला की विज्ञान. भांडलं की सामाजिक विकास. अहो, कधीतरी ते पोरगं नुसतं चिखल करत असेल!”

हा आरोप खरा आहे आणि फक्त आत्यापुरता नाही. हल्ली खासगी नर्सऱ्यांतून पालकांना ‘निरीक्षण अहवाल’ येतो. फोटोत मूल ठोकळे रचतंय, खाली तयार वाक्य असतं की सूक्ष्म स्नायूंचा विकास आणि समस्या सोडवण्याची क्षमता. माझ्या ओळखीच्या दोन घरांत दोन वेगळ्या मुलांचे अहवाल आले होते, वाक्यं शब्दशः तीच. कोणी पाहिलं असेल असं वाटत नाही.

आत्याने वही आईच्या हातात दिली. डाव्या पानावर काय दिसलं ते. उजव्या पानावर काय वाटलं ते. डावी पानं गच्च भरलेली, उजवी बहुतेक रिकामी, कुठे एखादं प्रश्नचिन्ह. “‘चिडका आहे’ असं डावीकडे लिहायचं नाही. ‘ठोकळा फेकला, दार गाठलं, रडला’ असं लिहायचं. चिडका की घाबरलेला, ते उजवीकडे, तेही पाच-सहा वेळा दिसल्यावर.” इंग्लंडमध्ये सुझन आयझॅक्स यांनी 1924 ते 1927 या काळात केंब्रिजच्या एका छोट्या शाळेत अशाच नोंदी ठेवल्या. मुलं काय बोलली, काय केलं ते जसंच्या तसं, अर्थ लावण्याचं काम वेगळं. आत्याला ही शिस्त बाई म्हणून शिकवली गेली, आयझॅक्सबाईंचं नाव तिला खूप नंतर कळलं.

आई पानं चाळत राहिली. ती वाचते तेव्हा बोट ओळीखालून फिरतं, जन्माची सवय. एका ठिकाणी थांबली. “हा मुलगा नुसता उभा होता असं लिहिलंय. वीस मिनिटं. हे तरी कशाला लिहिलं?”

“तो बाकीच्यांचा खेळ बघत होता. अमेरिकेत मिल्ड्रेड पार्टेन म्हणून एक बाई होत्या, 1932 साली त्यांनी बालवाडीतल्या मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले. एकेका मुलाला एकेक मिनिट बघायचं, पुन्हा पुन्हा. एकटा खेळणारा, शेजारी बसून आपलं आपण खेळणारा, मिळून खेळणारा, आणि त्यात एक वेगळा प्रकार होता, नुसता बघणारा. म्हणजे बघणं हेही काहीतरी करणंच.”

“मग तुम्ही आणि तो पोरगा एकच काम करत होतात.” आई हसली. आत्याही हसली.

तरी आईने माघार घेतली नाही. मागे एकदा ती आत्यासोबत त्या अंगणवाडीत गेली होती, आणि गप्प बसणं तिच्या स्वभावात नाही. तिने एका मुलासमोर चिंचोक्यांच्या दोन ओळी मांडल्या, सहा-सहा, समोरासमोर. सारखे? हो. मग एक ओळ पसरवली. आता? मुलगा म्हणाला, ही जास्त. “बघा, अजून संख्या कळत नाही,” असा निकाल आईने तिथल्या तिथे दिला होता. आज तिने तोच दाखला काढला. “दोन मिनिटांत कळलं. तुम्हाला अर्धा तास लागतो.”

मानसशास्त्रज्ञ पियाजेचाच प्रयोग तो, आईने पुस्तक न वाचता केलेला. आत्याला मात्र त्याचं पुढचं प्रकरण माहीत होतं. मार्गारेट डोनाल्डसन आणि त्यांचे सहकारी यांनी 1970च्या दशकात स्कॉटलंडमध्ये तोच प्रयोग केला, फक्त ओळ मोठ्या माणसाने नाही बिघडवली. एक खोडकर टेडी अस्वल येऊन विस्कटून गेलं. आता किती तरी जास्त मुलं म्हणाली, सारखेच आहेत.

“का?”

“कारण बाई मुद्दाम हात लावते आणि पुन्हा तोच प्रश्न विचारते, तेव्हा पोराला वाटतं, आपलं पहिलं चुकलं असणार. किंवा बाईला आता वेगळं उत्तर हवंय. ते चिंचोके मोजत नाही, तुमचं तोंड वाचतं.”

आई बराच वेळ विचार करत होती. पहिलीच्या वर्गात आपण प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की पोरं उत्तर बदलतात, हे तिला ठाऊक होतं. तिने त्याचा उपयोगही केला होता, चुकलेल्याला संधी द्यायला. बरोबर असलेल्याचं त्यात काय होत असेल, हा विचार नवा होता. “हं,” एवढंच म्हणाली. आईच्या ‘हं’ला आमच्या घरात वजन आहे.

मग दोघी सेविकेवर आल्या आणि इथे दोघींचं बऱ्यापैकी जमलं. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, मातांना आहार-आरोग्याचं शिक्षण, आणि या सगळ्यानंतर अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण, अशा सहा सेवा एका बाईच्या अंगावर. वजनं घ्या, उंची घ्या, पोषण ट्रॅकरवर भरा, रेंज नसेल तर गच्चीवर जाऊन भरा. 2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वयाचा एकच पायाभूत टप्पा केला. 2022च्या अभ्यासक्रम आराखड्यात तर स्पष्ट आहे की या वयात परीक्षा नको, मुलांना बघून आणि त्यांनी केलेल्या वस्तू-चित्रांवरून काय ते ठरवा. कागदावर आत्या जिंकलेली आहे.

“कागदावर,” आई म्हणाली. “उद्या त्याचाही एक फॉर्म येईल. मग सेविका रात्री घरी बसून तीस पोरांच्या रकान्यांत बरोबरच्या खुणा करेल. बघणं राहिलं बाजूला.”

“म्हणून मी तिला सांगते, दिवसाला एकच पोर. दहा मिनिटं. बाकी सगळं मदतनीस बघेल. आणि एवढं करूनही उद्या काय ठेवायचं ते सुचलं नाही तर लिहू नकोस. फुकट आहे.”

माझ्या मते त्या दिवशीच्या सगळ्या बोलण्यात हे एक वाक्य महत्त्वाचं होतं. आत्याच्या नोंदी मुलाला गुण द्यायला नाहीत, बाईला दुसऱ्या दिवशीचं काम द्यायला आहेत. डिपिंगच्या त्या खेळानंतरच्या आठवड्यात आत्याने काय ठेवलं? आईनेच विचारलं.

“जुनी डायरी आणि पेन्सिल. डिपिंग झालं की मुकादम हजेरी लिहितो. म्हटलं, बघू.”

वहीत घडी घालून ठेवलेला तो कागद आत्याने काढला. एक मुलगा मुकादम झाला होता, पण पोरीने पेन्सिल त्याच्या हातातून काढून घेतली आणि स्वतः लिहायला बसली. कागदावर एकाखाली एक पाच-सहा ओळी, नुसतं गिचमीड. आत्याने उजव्या पानावर लिहिलं होतं, ‘माणसागणिक एक ओळ? विचारायचं.’

आईने चष्मा पुसला. कागद खिडकीजवळ नेला, तिरका धरून बघितला.

“वन्सं, ही आडवी रेघ तिने आधी मारली की नंतर?”

“कुठली?”

“ही. प्रत्येक ओळीच्या डोक्यावर. बघा, पेन्सिल इथे दाबून चाललीय, आणि खालची वेटोळी तिच्यापासून सुरू होतायत. वर चढून तिला भेटत नाहीत. लोंबतायत.” आईने बोटाने हवेत दाखवलं. “शिरोरेषा आहे ही. पोरीला एक अक्षर येत नाही, पण मराठी रेघेला टांगलेली असते हे तिने कुठेतरी बघितलंय. खताच्या गोणीवर म्हणा, एसटीच्या पाटीवर म्हणा. आणि डावीकडून उजवीकडे गेलीय, सगळ्या ओळी.”

आत्याने कागद परत घेतला, बराच वेळ बघितला. “मी लिहिताना तिच्याकडेच बघत होते,” ती म्हणाली, “तरी हे सुटलं.”

“तुम्ही पोरीकडे बघत होतात. मी आयुष्यभर पोरांचं लिहिलेलंच बघितलंय.” आई आता रंगात आली होती. “ही पोरगी अक्षराला तयार आहे. आता थांबायचं नाही. तिचं नाव लिहून दाखवा, मोठं, तिच्यासमोर, रेघ आधी मारून. तिच्या हजेरीत तिचंच नाव पहिलं. याला शिकवणंच म्हणतात, वन्सं, खेळात करा नाही तर फळ्यावर करा.”

“दाखवणारच होते.”

“कधी? काढणी झाली की टोळी गावाला जाणार. पुढच्या हंगामात याच बागेत येतील कशावरून? पोरगी तिकडे, तुमची वही इकडे.”

ही अडचण आत्याला ठाऊक होती आणि तिच्याकडे त्यावर धड उपाय नव्हता. तिने ठरवलं होतं की एक पान लिहून पोरीच्या आईकडे द्यायचं, गावच्या अंगणवाडीत दाखवायला. आईने लगेच हिशोब मांडला. त्या माउलीला वाचता येत असेलच असं नाही, कागद झापात भिजेल, आणि गावच्या सेविकेला लांबलचक निबंध वाचायला वेळ नसेल.

“म्हणून चार ओळीच लिहा. घ्या पेन. ‘घरची भाषा कोकणा, त्या भाषेत भरपूर बोलते.’ हे पहिलं, नाही तर तिथेही लिहितील बोलत नाही. मग, ‘मध्येच काम सुटलं तर परत येऊन पुढून सुरू करते.’ ‘रेघ मारून तिच्याखाली लिहिण्याचा खेळ खेळते.’ आणि शेवटी लिहा, ‘अजून कोणी अक्षर दाखवलेलं नाही.’”

“ते कशाला? मी पुढच्या मंगळवारी दाखवतेय ना.”

“दाखवलंत की खोडा.”

आत्याने ते लिहिलं. पेन्सिलने.